आधी पाणी, मग दार

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एकट्या राहतात. मे महिन्यात अख्खं नागपूर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतं, नुसते डोळे दिसतात, आणि नेमकं तेच काकूंना चालत नाही. बेल वाजली की त्या लाकडी दार उघडतात, पण बाहेरचं लोखंडी दार बंदच ठेवतात. मग गजांमधून पाण्याचा गिलास पुढे करतात. उन्हातून आलेल्याला पाणी विचारायचंच, मग तो कोणीही असो. पण पाणी प्यायचं तर दुपट्टा सोडावा लागतो.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काकू, मीच आहे, समोरचा."

"आवाज ओळखला गा. आता तोंड दाखव."

परवा दुपारी मी जिन्यातच होतो. गळ्यात कार्ड अडकवलेला एक जण त्यांच्या दाराशी उभा होता. गॅसची नळी तपासायला आलो म्हणाला. काकूंनी गिलास पुढे केला.

"दुपट्टा सोड, पाणी पी, मंग पाहू."

"पाणी नको. दार उघडा, मले घाई आहे."

"मंग उद्या ये." काकूंनी गिलास आत घेतला. तो भराभर जिना उतरून गेला.

"कार्ड तरी पाहायचं होतं," मी म्हटलं.

"कार्ड कोणीबी छापते. पण इतक्या उन्हात पाण्याले नाही म्हणते, तो काहून आला असंन?"

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी मात्र आता स्वतःच्या दाराशीही आधी दुपट्टा सोडतो, मग बेल वाजवतो.