मोठ्या अक्षरांची अडगळ

घरात असो की कामात, अडगळ दिसली की माझं डोकं फिरतं. इलाइट चौराह्यावरच्या आमच्या ऑफिसात औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनायचं, आणि त्यातली सर्वांत जुनी अडगळ म्हणजे अक्षरांची मापं. निळी, हिरवी, करडी अशा पडद्याच्या थीम, म्हणजे रंगरूपं, होत्या आणि प्रत्येकीत अक्षरं बारीक हवीत, मध्यम की मोठी, हे वेगळं निवडावं लागे. पोट सुटलेल्या मॉनिटरच्या काळात ते ठीक होतं. आता कॉम्प्युटर स्वतःच सगळा पडदा हवा तेवढा मोठा करून देतो, पण आमच्या थीम त्याचं ऐकतील तर शपथ. त्या आपलंच माप रेटत.

आमच्या मालकांना आम्ही भैयाजी म्हणायचो. हे काढून टाकू, असं मी कितीदा तरी म्हटलं. ते चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, "मैडम जी, बुज़ुर्ग दुकानदार बड़े अक्षर माँगते हैं. हटा दोगी तो गालियाँ मैं खाऊँगा." मी दातओठ खात माझ्या खुर्चीवर परत यायची.

मग एकदा चिरगाँवहून मावसभावाचा फोन आला. तिथे मावशीचं औषधांचं दुकान आहे आणि त्यात आमचंच सॉफ्टवेअर चालतं. काका गेल्यापासून दुकान तिनंच सांभाळलं. काउंटरमागचं लाकडी स्टूल म्हणजे तिचं सिंहासन. भावाला मराठी सगळं समजतं, पण बोलायचं ते हिंदीतच. म्हणाला, "ताई, आई की नज़र गई. अब घर बैठें, आराम करें. आप ही समझाओ."

रविवारी बसने गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकल्याच्या औषधाची खोकी पार छताला टेकलेली. शंभर बाटल्या शिल्लक असताना मावशीला पडद्यावर दहाच दिसल्या होत्या, म्हणून तिनं आणखी मागवल्या. त्या आल्या तरी आकडा लहानच दिसला, म्हणून पुन्हा मागवल्या. आता स्टूलवर भाऊ बसला होता आणि मावशी मागच्या बाकावर पदराचं टोक चाळवत होती.

"दहाच दिसत होत्या गं," ती हळूच म्हणाली. "देवाशपथ."

मी पडद्यासमोर बसले. आईला बरं पडावं म्हणून भावानेच आमच्या थीममधली 'मोठी' अक्षरं निवडून ठेवली होती. अक्षरं मोठी झाली होती, चौकटी मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या, आणि प्रत्येक मोठ्या आकड्याची शेपटी चौकटीत कापली जात होती. तीनशे वीस बाटल्या मलाही बत्तीसच दिसल्या. माझे डोळे ठणठणीत आहेत. मला संताप आला आणि पुरावा हाती लागला म्हणून त्याच क्षणी नाचावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या पडद्याचा फोटो भैयाजींच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. बिस्कीट बशीत ठेवून ते म्हणाले, "ठीक है, एक दुकान में हटाकर देखो. शिकायत आई तो सब वापस." भावाचीही अट तीच होती. पुन्हा गोंधळ झाला तर आई घरी बसणार.

तो आठवडाभर मी एकेका थीममधून ती मापं उपटून काढली, अंगणातलं तण काढावं तशी. मग चिरगाँवला जाऊन नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि कॉम्प्युटरचं स्वतःचं माप वाढवलं. अक्षरं, चौकटी, बटणं, सगळी बरोबरीने फुगली.

भाऊ स्टूलवरून हलला नव्हता. काउंटरपाशी गिऱ्हाइकं ताटकळत होती.

"खोकल्याच्या तीनशे वीस," मावशीनं मागच्या बाकावरूनच वाचलं. मग खालची ओळ वाचली, त्याखालची वाचली. भाऊ पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा ताडत गेला. एकही आकडा चुकला नव्हता.

मावशी उठली. "चल, ऊठ तिथून. माझी जागा आहे ती."

तो उठला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी रस्त्यावर जाऊन भैयाजींना फोन लावला. "सब जगह से हटा दो," ते म्हणाले, आणि वर, "मैंने तो पहले ही कहा था." म्हटलं, म्हणू देत.

आत आले तेव्हा एक गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी मागत होतं. मावशी स्टूलवर ताठ बसून त्याला विचारत होती, "भैया, घर में किसी को खाँसी तो नहीं?"