वरच्या तुकड्यातला जास्तीचा मका

गुरुवारी फुलंब्रीला गेले होते, सल्ल्याचा कागद द्यायला. दिला... आणि तासाभरात परत मागून घेतला.

मी शहरात, छावणी भागातल्या एका ऑफिसात पिकांचं कॉम्प्युटर मॉडेल चालवते. माती, पाऊस, पेरणीची तारीख, खताच्या पिशव्या एवढं भरलं की ते सांगतं, किती पिकेल, खत कुठे वाढवा, कुठे कमी करा. बहुतेक वेळा बरोबर सांगतं. आम्हाला त्याचा थोडा माजही आहे.

फुलंब्रीच्या सुमनमावशींचं शेत मात्र डोक्याला ताप झालं होतं. त्यांचे मक्याचे दोन तुकडे, वरचा आणि खालचा. माती तीच, बियाणं तेच, पिशव्याही सारख्याच... तरी गेल्या हंगामात वरच्या तुकड्याने अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मका दिला.

आठवडाभर आकड्यांशी झटापट केली. शेवटी ठरवून टाकलं, वरची जमीन मुळातच कसदार असणार. तसं मॉडेलमध्ये भरलं, त्याने निमूट मानलं. यंदाचा सल्ला तयार झाला... वर युरिया निम्मा, खाली पूर्ण.

मावशींचं घर वर्षभर या मक्यावर चालतं. गुरुवारी त्यांनी कागदाची नीट घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, यंदा तुम्ही म्हणाल तसंच करायचं.

चहाला दूध नव्हतं, शेजारून यायचं होतं. तोवर रान बघू म्हणून आम्ही निघालो. खालच्या तुकड्यात मेंढ्याच मेंढ्या... आणि बाभळीखाली त्यांचे मालक, बिरूमामा.

हे दरवर्षी येतात का, मी सहज विचारलं. येतात की, मावशी म्हणाल्या. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, तेव्हा काही रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंड्या जमिनीत मुरतात. एक साल वर, एक साल खाली. गेल्या साली वर होत्या.

मी जागीच थांबले. जास्तीचा मका जमिनीचा नव्हता, मेंढ्यांचा होता. यंदा त्या खाली होत्या, आणि मी वरचंच खत निम्मं करायला सांगून बसले होते.

आधी का नाही सांगितलंत, मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

"ताई, तुमी खताच्या पिशव्या इचारल्या. त्या सांगितल्या की."

फॉर्म मीच बनवला होता. पिशव्यांचे चार रकाने, मेंढ्यांचा एकही नाही... कागद परत मागताना मला खरंच लाज वाटली. मावशींनी तो कमरेचा काढून दिला.

मग वही काढून बिरूमामांना विचारलं, मेंढ्या किती? ते नुसते हसले.

"आमी मेंढरं मोजून सांगत नसतो, ताई. कुठवर बसली ते दावतो, ती जागा मोजा."

त्यांच्या मागे मागे मी तो तुकडा पावलांनी मोजला. भर उन्हात, ऑफिसच्या सँडलमध्ये.

नवा सल्ला आता बरोबर उलटा आहे, आणि फॉर्ममध्ये मेंढ्यांचा रकानाही आलाय. सगळं वेळेत झालं, पेरणीला अजून अवकाश आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही...

त्या दिवशी मावशींच्या घरात दूध असतं, तर मी कागद देऊन, चहा पिऊन, अगदी समाधानाने घरी आले असते.