आपोआप बरोबर आलेलं उत्तर

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. गेल्या महिन्यात शकीलची मुलगी शबाना हिचा फोन आला, "काका, अब्बा गेले," आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता सांगायचं तरी कुणाला...

परळीच्या एका तंत्रनिकेतनात शकील आणि मी संगणकाची सी भाषा शिकवायचो. थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीच्या फटीतून आत येई, दुपारच्या तिरप्या उन्हात तरंगत राही. म्हणून शकील कीबोर्डवर फडकं टाकून ठेवायचा. बसताना ते उचलून, घडी करून मांडीवर घ्यायचा. त्याचे वडील फळविक्रेते. "आमच्या गाड्यावर बी असंच असतंय बे," तो म्हणायचा, "वलं फडकं, खाली माल."

कॉलेजचा निकाल लावायचा प्रोग्राम आम्ही मिळून केला. मुख्य भाग त्याचा. टक्केवारी काढणारी छोटी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचं गाठोडं, माझी. कंपायलर प्रत्येक फाइल तपासून यंत्राच्या भाषेत आणतो, मग लिंकर त्या फाइलींना लायब्ररी जोडतो. एकाच नावाची दोन गाठोडी असली तर त्याला आधी दिसेल ते तो उचलतो. कुणाला विचारत नाही. जोडणीआधी शकील जुनं सगळं पुसायला लावायचा. "आदी झाडून घे, मंग चूल पेटव." मी आमचं फोल्डर झाडायचो. तेवढंच.

प्राचार्यांसमोर प्रोग्राम चालवला, तर पास झालेली मुलं नापास दिसू लागली. प्राचार्य म्हणाले, "शकीलसर, हे तुमचं काम?" त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय सर, माझंच." काम बाहेरच्या माणसाला गेलं.

दोन-तीन दिवसांनी मी एकट्यानं, लिंकर कुठून काय उचलतो ते पडद्यावर छापून पाहिलं. माझ्या लायब्ररीची जुनी, चुकीची प्रत सिस्टिमच्या फोल्डरात पडलेली होती. मीच कधीतरी ठेवलेली. लिंकर तिच्यापाशीच थांबत होता. मी ती पुसली. आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी शकीलनं पुन्हा जोडणी केली. उत्तर बरोबर. तो हसला नाही.

"एक अक्षर बदललं न्हाई मी. मंग कावून बरोबर आलं?"

"मशीन आहे, होतं कधीकधी," मी म्हणालो.

"न्हाई रे. जे आपोआप सुधरतंय ते आपोआप बिघडतंय. माझ्याच कोडात हाय ते."

त्यानंतर तो फळ्यावरच शिकवू लागला. मशीनवर विद्यार्थ्यांसमोर पुन्हा बसला नाही. निवृत्तीनंतर मात्र घरी तोच कोड उघडून बसायचा, ओळीमागून ओळ, स्वप्नात वाट शोधावी तसा. मी जायचो, त्याच्या शेजारी चहा प्यायचो. "सापडलं का?" विचारायचो. हा प्रश्न मी विचारत होतो... मी.

परवा त्याच्या घरी गेलो. खोली तशीच, राखेचा पातळ थर तसाच, कीबोर्डवर फडकं. शबाना चहा ठेवायला आत गेली. मी त्याच्या खुर्चीत बसलो, फडकं उचललं, घडी करून मांडीवर घेतलं.

"शकील," मी म्हणालो, "तुझ्या कोडात..."

शबाना चहा घेऊन आली. मी फडकं परत पसरून ठेवलं.