तांबड्या ठिपक्यांचं रीळ

बारामतीला कालव्याकाठी पातळ कागदाचा एक छोटा कारखाना होता, असं मी आज सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून आपसांत मान हलवतात. म्हातारीला भ्रम झाला, असं त्यांना वाटतं. बारामती म्हटलं की त्यांना ऊस आठवतो, गुळाची ढेप आठवते. पण कारखाना होता. एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षं. पत्र्याची दोन छपरं, वाफेसाठी एक बॉयलर आणि मुंबईच्या मोडीतून आणलेलं एक यंत्र, एवढाच त्याचा पसारा. खादी घालणाऱ्या एका मालकानं स्वदेशीच्या भरात तो काढला होता. बांगड्या, अत्तराच्या कुप्या, साबणाच्या वड्या गुंडाळायचा पांढराशुभ्र कागद तिथं व्हायचा. तोंडासमोर धरला तर पलीकडच्या बाईच्या कपाळावरचं कुंकू दिसायचं, इतका पातळ. माझे वडील, आबा, तिथं रिळावर होते आणि मी चिंध्यांत होते.

आम्ही मूळचे इंदापूरचे विणकर. गिरणीच्या स्वस्त लुगड्यांनी आमच्या मागाची मान आधीच मुरगळली होती, त्यात आबांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा येऊ लागला. तुटलेला धागा त्यांना दिसेना. आई कधीच गेली होती. त्याच वर्षी माझ्या नवऱ्यानं दुसरी केली आणि ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ म्हणून मला पाठवलं. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. तर अशी आम्ही दोन बिनकामाची माणसं एका बैलगाडीत बसून काटेवाडीवरून बारामतीला आलो, कारण कागदाच्या कारखान्यात हलक्या हाताचा माणूस पाहिजे आहे असं कुणीतरी सांगितलं होतं.

आबांचा हात हलका होता, यात शंका नाही. यंत्रावर चिंध्यांचा लगदा ओल्या बनातीवरून, म्हणजे लोकरीच्या जाड पट्ट्यावरून, यायचा आणि वाफेनं तापलेल्या एका मोठ्या लोखंडी रुळाला चिकटायचा. रूळ फिरता फिरता तो वाळायचा, पलीकडं एक पातं त्याला खरवडून सोडवायचं, आणि सुटलेला कागद आबांच्या रिळावर गुंडाळला जायचा. रीळ ढिलं राहिलं तर कागदाला सुरकुत्या, घट्ट झालं तर कागद फाटणार. आबा फिरत्या रिळावर उजवा पंजा अलगद टेकवून उभे राहायचे. तान्ह्या पोराला झोपवताना ठेवतात तसा. कागद ओढ घेतोय की सुस्तावलाय, ते त्यांना पंजाला कळायचं. मागावर बसून त्यांनी जन्मभर दुसरं केलं काय होतं?

पण सगळंच पंजाला कळत नाही. कागदाला भोक पडलं, कड एका बाजूला सरकली, तर ते डोळ्यांनीच बघावं लागतं. आबांना ते दिसत नव्हतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मालकाला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी आबांना घरी बसवलं असतं, आणि त्यात त्याचं चुकलंही नसतं. म्हणून आम्ही बापलेकीनं एक युक्ती केली होती. चिंध्यांच्या छपराचं दार बरोबर रिळासमोर होतं. मी दाराशी बसून चिंध्या निवडायची, गुंड्या कापायची, शिवणी उसवायची, आणि जात्यावर म्हणतात तशा ओव्या म्हणायची. कागद नीट असला की ओवी सरळ चालायची. कड डावीकडं गेली की मी भावाची ओवी धरायची, उजवीकडं गेली की आईची. भोक दिसलं की गप्प बसायची. मी गप्प झाले की आबा मिस्त्रीला हात करायचे. मिस्त्री म्हणजे बॉयलर आणि यंत्र सांभाळणारा. तो म्हणायचा, “म्हाताऱ्याची नजर घारीची हाय.” झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी आमची ती मूठ होती.

मग दसरा आला.

त्या दिवशी हत्यारं पुजायची, ही आपल्याकडची रीतच आहे. यंत्र धुतलं, बंद ठेवलं, झेंडूच्या माळा घातल्या. पूजेचा मान सगळ्यांत वयस्कर म्हणून आबांना मिळाला. मालकानं त्यांना सांगितलं होतं, “आबा, कुंकू बाहेरच्या लोखंडी चौकटीला लावा बरं का.” पण मागाची पूजा करताना आम्ही विणकर कुंकू लावतो ते तुरईला, म्हणजे ज्या लाकडावर विणलेलं कापड गुंडाळलं जातं त्याला. देव तिथं असतो. आबांचा हात जन्माच्या सवयीनं फिरत्या गोष्टीकडं गेला. तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं त्यांनी वाफेच्या रुळावर ओढली. सणाच्या दिवशी कोण बोलणार? “उद्या चालू करायच्या आधी तेवढं पुसून घ्या,” एवढं मिस्त्री म्हणाला.

दसऱ्याच्या रात्रीच मला पाळी आली. आमच्याकडं त्याला कावळा शिवला म्हणतात. एरवी त्या दिवसांत मी उंबऱ्याबाहेर बसायची, चिंध्यांचं गाठोडं मला तिथं टाकलं जायचं आणि ओवी तिथूनही आबांना पोचायची. यंत्राचं छप्पर म्हणजे तर आता पुजलेली जागा. चिंध्यांतल्या बायकांवर देखरेख करणाऱ्या मावशीनं बजावलं, “आज उंबऱ्याकडं फिरकू नगं, पोरी, त्या लांबच्या बाभळीखाली बस. कालच द्येव बसवल्यात.” मला त्याचं हसूही येत नव्हतं. माझ्या पुढ्यात ज्या चिंध्या पडायच्या, त्या कुठल्या घरच्या कुठल्या बाईनं कशाकशाला वापरलेल्या असायच्या, ते मला आणि मावशीला चांगलं कळायचं. धुतल्या तरी डाग राहायचे. त्याच चिंध्यांचा तो पांढराशुभ्र कागद व्हायचा. तिथं कुणाला विटाळ होत नव्हता.

सकाळी यंत्र सुरू होताना मिस्त्रीनं विचारलेलं मला लांबून ऐकू आलं, “आबा, पुसलं का?”

“पुसलं,” आबा म्हणाले.

त्यांनी पुसलं होतंच. ओलं फडकं घेऊन रुळाला पालथ्या बाजूनंही पुसलं होतं. फक्त काय उरलं, ते त्यांना दिसलं नव्हतं.

बाभळीखालून रीळ तिरकं दिसायचं. आधी मला वाटलं, झेंडूची पाकळी उडाली असेल. मग कळलं की ती पाकळी रुळाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर परत येते. पांढऱ्या कागदावर तांबडे ठिपके उमटत होते, एकाखाली एक, आणि रिळात शिरून गडप होत होते. आबा पंजा टेकवून उभे होते. कागद छान ओढ घेत होता, त्यामुळं त्यांचा चेहरा समाधानी होता. ते रीळ पुण्याच्या एका साबणवाल्याचं होतं, आणि आधीची दोन रिळं नापसंत करून त्यानं परत पाठवली होती. मालकानं सगळ्यांना ऐकवलं होतं की या खेपेला चूक झाली तर ज्याची चूक तो घरी जाईल.

मी ओवी धरली. जोरात धरली आणि मधेच गप्प झाले. पण बाभळीपासून आवाज पोचेना. मावशी मात्र धावत आली. “ह्या दिसांत देवाची नावं घेतीस व्हय गं?” मी तिला म्हटलं, मावशी, तूच आत जाऊन सांग, कागदावर डाग पडतायत. ती म्हणाली, “तुज्या आबांची नजर घारीची. त्यांस्नी दिसत न्हाय आन् तुला दिसतंय व्हय?”

शेवटी मी उठले आणि आत गेले. दुसरा रस्ताच नव्हता. “आबा, थांबवा” म्हणून त्यांचा हात रिळावरून ओढला. कागद फाटला, मिस्त्रीनं यंत्र बंद केलं, मालक आले. रिळाचा वरचा कागद उलगडला तर आतपर्यंत ठिपकेच ठिपके. मग मिस्त्रीनं ठिपक्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मावशीला विचारलं, “ही भाईरची हाय ना?”

मावशीनं मान डोलावली.

“मग झालं तर. पुजलेल्या यंत्राकडं सकाळपासनं तोंड करून बसलीया. तांबडं न्हाय उमटणार तर काय उमटंल?”

मी तोंड उघडलं होतं. कुंकू आहे ते, एवढे तीन शब्द जिभेवर होते. पण कुंकू म्हटलं की ते कुणी पुसलं हे आलं, आणि पुसलं तर दिसलं कसं नाही हेही आलं. मी आबांकडं बघितलं. ते माझ्या दिशेनं, पण माझ्या खांद्याच्या जरा वरच बघत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तोंड मिटलं आणि वाट बघत राहिले, की आता ते बोलतील.

मालक शिकलेला माणूस. त्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, “माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ही माणसं काम सोडून गेली तर मी काय करू? आबा, तुमचं काय म्हणणं आहे?”

“तिला इंदापुरास धाडतो,” आबा म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, हे मी ऐकलं होतं. पण संन्याशाच्या घरातूनच दोरी येते, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढचं तर बघाच. यंत्राचा विटाळ काढायला गोमूत्र आणलं. मिस्त्रीनं स्वतः नवं फडकं घेऊन अख्खा रूळ गोमूत्रानं घासला, दोनदा, कडेकोपऱ्यांसकट. पुन्हा वाफ सोडली. कागद आला तो निर्मळ. एक ठिपका नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि सगळ्यांची खात्री पटली. मावशीनं माझ्याकडं बघून हात जोडले, मला नव्हे, यंत्राला.

त्या संध्याकाळी मी खोलीबाहेर बसले होते. आबांनी चाचपडत भाकरी थापली होती. एका बाजूनं करपलेली. त्यांनी ती वरून माझ्या ओंजळीत टाकली, शिवाशिव होऊ नये म्हणून, आणि टाकताना अंदाज चुकून ती मातीत पडली. मी उचलून झटकली.

“कुंकू तुमचं हुतं, आबा,” मी म्हटलं.

“व्हय.”

“तुमाला तवाच कळलं हुतं?”

“तू हात वडलास तवाच.” ते उंबऱ्याला धरून उभे राहिले. मग म्हणाले, “रीळ गेलं तर मी काय करू, पोरी? तुला कुटं बी चार चिंध्या निवडाया मिळतील. मला काय मिळंल?”

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मला संताप आला. माणूस वाईट असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. आणि वर काळजी होतीच, की उद्यापासून या माणसाला ओवी कोण म्हणणार. मी ते विचारलंसुद्धा. ते म्हणाले, “बघू.”

मी इंदापूरला चुलत्याकडं गेले. बारामतीचा बाजार करून येणाऱ्या गाडीवाल्यांना मी आबांचं विचारायची. बरं चाललंय म्हणायचे. मार्गशीर्षात एकदा कागदाची कड सरकत सरकत पार रिळाच्या बाहेर गेली, कागद रुळाभोवती गुरफटला, आणि आबा पंजा टेकवून समाधानानं उभे राहिले. बाकीचं सांगायला नको. मालकानं त्यांच्या डोळ्यांपुढं बोटं नाचवून बघितली म्हणे.

ते आले ते कुणाच्यातरी गाडीतून, एक गाठोडं घेऊन. गाठोड्यात धोतर, तांब्या, आणि दसऱ्यानंतर वाया गेलेल्या त्या तांबड्या ठिपक्यांच्या कागदाची एक जाड घडी होती. मालकानं तो कागद कामगारांत वाटून टाकला होता. चुलतीनं पाणी दिलं, गूळ दिला. कारखान्यातलं काम गेलं, मूठ उघडी पडली, आणि माझ्या अंगावरचा तो ठपका मात्र कुणी काढून घेतला नव्हता. इंदापुरातही बायका मला सणासुदीला यंत्राची, मागाची, चुलीची पूजा करू देत नव्हत्या. वार्ता माझ्या आधीच पोचली होती.

दुपारी ते ओसरीवर बसले होते. त्यांनी घडी सोडून मांडीवर पसरली. “ठिपका कुटं हाय, मला दाव,” ते म्हणाले.

मला उठून जायचं होतं. पण मी त्यांचं बोट धरलं आणि एका ठिपक्यावर ठेवलं. त्यांनी ते बोट हळूहळू फिरवलं. मग अख्खा पंजा त्यावर टेकवला, रिळावर टेकवायचे तसा, आणि तसेच थांबून राहिले.

“हाताला काय बी लागत न्हाय,” ते म्हणाले.

“न्हाय लागत, आबा.”

“आन् फुडला?”

मी त्यांचं बोट उचलून पुढच्या ठिपक्यावर ठेवलं.