वडाची फांदी

त्या मे महिन्यात वळवाच्या वादळानं इंदापुरात स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बहुतेक झाडं आडवी केली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा वडही गेला. त्याच्या बुंध्याला टेकून एक चाचा सायकलींची पंक्चर काढत. टपरी नव्हती, वड हेच दुकान. दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर पत्र्याचा तुकडा धरून उन्हात बसले होते.

नगरपालिकेनं खड्डे खणून दिले, रोपं दिली. लावायचं आणि जगवायचं काम आमच्या महिला मंडळानं घेतलं. देखरेख माझ्याकडे होती. रोपं कडुनिंबाची आणि करंजाची, गुडघ्याएवढी. त्यांची सावली पडेपर्यंत चाचांनी काय करायचं? माझं माहेर सांगवीचं. वडाची जाड फांदी रोवली तर जगते, हे मी शेताच्या बांधावर पाहिलं होतं. पडलेल्या वडाचे ओंडके ट्रॉलीत भरायच्या आत मी पुरुषभर उंचीची एक फांदी बाजूला काढायला लावली. वरच्या कापलेल्या टोकाला शेण थापलं आणि चाचांनी नि मी ती खड्ड्यात उभी केली.

"हिला हलू द्यायचं नाही," मी बजावलं. "पानं आधी येतील, मुळं मागनं. पानं बघून हुरळू नका."

"मी न्हाय हुरळत, वैनी. शेळ्या हुरळतील, त्यांचं काय?" असं म्हणून त्यांनी जुन्या टायरांचं कुंपण केलं. रोज डबड्यानं पाणी घालत.

ज्येष्ठात तांबूस पालवी फुटली आणि नेमकी वटपौर्णिमा आली. यंदा देवळामागच्या वडाकडे जायचं, असं मी मंडळात सांगितलं होतं. पण तो लांब, आणि कोपऱ्यावर नवा वड हजर. मी ताट घेऊन निघाले तर बायका तिथंच जमलेल्या. टायर काढून बाजूला ठेवलेले.

"या, या! तुमी लावलाय, पयला मान तुमचा."

"अगं, अजून मुळं धरली नाहीत त्यानं," मी म्हणाले.

"आमच्या नवऱ्यांनी तरी कुठं धरल्यात?" सगळ्या हसल्या.

चाचा रस्त्यापलीकडे उभे होते. बायकांच्या पूजेत त्यांनी काय बोलावं? माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वैनी, तुमी सांगितलं तर ऐकतील."

ऐकल्या असत्या. मंडळात माझा शब्द कुणी मोडत नसे. पण सगळ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, आणि मला ते आवडलं. "एवढ्यानं काही होत नाही," असं चाचांना सांगून मीच पहिला दोरा गुंडाळला. फांदी किंचित कलली, ते माझ्या हाताला कळलं. तरी सातही फेरे घेतले. माझ्यामागच्या बाईनं कलती फांदी धरून सरळ केली. मग प्रत्येकीनं पाणी ओतलं, हात टेकून नमस्कार केला. दुपारपर्यंत खड्ड्यात चिखल झाला आणि फांदी पडायला आलेल्या दाढेसारखी हलायला लागली.

संध्याकाळी आम्ही दोघांनी माती पुन्हा दाबली. दोऱ्यांना मात्र चाचांनी हात लावला नाही. "ते तुमचं तुमी सोडा," म्हणाले. मी सोडले.

पालवी काळवंडली. मी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही उरलं नव्हतं.

"माझं चुकलं, चाचा."

"सणाचा दिवस हुता, वैनी," एवढंच म्हणाले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पावसाळा त्यांनी गोणपाटाखाली काढला. पुढच्या उन्हाळ्यात बाजारतळाजवळ दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली कामाला लागले. त्या खड्ड्यात मी करंज लावला. करंजाला कुणी दोरा गुंडाळत नाही. काही वर्षांत त्याची बऱ्यापैकी सावली पडायला लागली तेव्हा मी चाचांना बोलवायला गेले. ते स्टुलावर बसून ट्यूब घासत होते.

"आता कुठं, वैनी? गुडघं गेलं. भुईवर बसवत न्हाय."

"स्टूल मी देते की."

"स्टूल द्याल. गिऱ्हाईक कुठनं आणाल? ते तर हितं यायला शिकलं."

तेवढ्यात पोराच्या वयाचा मालक आतून ओरडला, "ए म्हाताऱ्या, गप्पा पुरं!" चाचा खाली बघून पुन्हा ट्यूब घासायला लागले.

मी परत आले. करंजाखाली कुणीतरी स्कूटर लावून वाऱ्याला बसलं होतं. त्या माणसाला मी उगाचच झापून तिथून उठवलं.