एकाच नावाच्या दोघी

माझी आई गुलबर्ग्याच्या दवाखान्यात वारली तेव्हा मी पाच वर्षांची होते. वर्ष फिरायच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. वडिलांनी माझ्या आईचंच नाव लिहिलं. आमच्या घराण्यात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गेलेल्या बायकोचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, सणावाराला आधी त्या टाकाला नैवेद्य दाखवतात आणि मग ही जेवते, म्हणजे गेलेली कोपत नाही म्हणे. नावही तेच ठेवलं की ती आणखी शांत राहते. शिवाय पुरुषाला जुनीच हाक चालू ठेवता येते, ही सोय वेगळी. आईचा मृत्यू गावात कुणी नोंदवलाच नाही. रेशनकार्डावर काही खोडावं लागलं नाही. आईच्याच नावावर ही येऊन जेवायला बसली.

ते नाव तिला लावलेलं मला सहन होत नसे. तिला हाक मारायची वेळ आली की मी भांडं आपटायचे. हापशावर, शाळेत, पाहुण्यांसमोर कुणी "तुझी माय बोलवायलीय" म्हटलं की मी खणखणीत सांगायचे, "ती माझी माय न्हाई." ती बहुतेक वेळा तिथंच असायची. कधी तर माझी वेणी घालत असायची. तिनं मला एकदाही मारलं नाही, याचासुद्धा मला राग यायचा.

पुढं मी कंप्यूटर शिकले आणि बिदरला एका खाजगी कंपनीत लागले. निरनिराळ्या खात्यांची माहिती एकमेकांना जोडायचं काम आमच्याकडं आलं होतं. रेशनवाल्यांचे तक्ते वेगळे, जमिनीचे वेगळे, दवाखान्यांचे तिसरेच. एकजण 'कुटुंबप्रमुख' लिहितो, दुसरा 'खातेदार', तिसरा 'रुग्ण', आणि माणूस तोच. सगळ्यांनी एकसारखे तक्ते करा म्हटलं असतं तर सगळी खाती आमच्या अंगावर धावून आली असती. बेंगळुरूहून आलेले आमचे साहेब म्हणाले, ज्याचे तक्ते त्याच्यापाशी राहू द्या, आपण त्यांची वाक्यं करू. तीन तुकड्यांचं वाक्य: कोण, कोणतं नातं, कशाशी. ही बाई, राहते, या गावात. ही बाई, बायको आहे, या माणसाची. वेबवर प्रत्येक पानाला पत्ता असतो तसा प्रत्येक माणसाला, गावाला, शेताला स्वतःचा पत्ता द्यायचा. मग या तक्त्यातलं वाक्य त्या तक्त्यातल्या वाक्याला जोडता येतं आणि उद्या नवं खातं आलं तरी जुनं काही मोडावं लागत नाही. याला सिमँटिक वेब म्हणतात. मला ते फार पटलं. कोण कुणाचं कोण लागतं हे आधी स्पष्ट सांगा, मग पुढचं बोलू, हा माझा स्वभावच होता.

त्यातलं एक नातं मोठं जालीम आहे: 'हे दोन्ही एकच.' दोन नोंदींमध्ये ते टाकलं की एकीबद्दल जे खरं, ते दुसरीबद्दलही खरं होतं, आणि यंत्र पुढचे निष्कर्ष आपले आपण काढत सुटतं. नोंदी दोन आहेत म्हणजे माणसं दोन असतील, असं ते मानत नाही. माणसं वेगळी असतील तर तसं कुणीतरी सांगावं लागतं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव जुळलं की 'एकच', हा नियम मी लिहिला होता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही. हे तिन्ही जुळणाऱ्या दोन बायका आमच्यासारख्यांच्याच घरात निघायच्या.

गुलबर्ग्याच्या दवाखान्याच्या जुन्या नोंदी आत आल्या, त्यांत आईच्या मृत्यूची नोंद होती, आणि लगेचच रेशन दुकानदारानं दुसरीला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं. "तुम्ही वारलाव म्हणायलंय कंप्यूटर." गावाला महिनाभर करमणूक झाली. पोरं तिला बघून भूत भूत करत पळायची आणि मोठी माणसं हसायची.

माझे काका मात्र हसले नाहीत. वडील आदल्या वर्षी वारले होते. घर आणि दुबलगुंडीच्या वाटेवरचं दोन एकर शेत तिच्या नावावर चढायचं राहिलं होतं, आणि मेलेल्या बाईला वारस कसं करू, असं आता तलाठी विचारत होता. मी ती नोंद दुरुस्त करायला निघालेय हे कळल्यावर काका बिदरला माझ्या ऑफिसात आले, टेबलासमोर बसले, चहा प्याले.

"कामून सुधरायलीस? कंप्यूटर बरोबरच म्हणायलंय. माझ्या भावाला बायको एकच, ती मेली. आता वारस तू एकटी. शेत मी करतो, तू बस हितं आरामात."

"आन् ती?"

"जाईल की आपल्या गावाला. तूच म्हणायचीस न्हवं, माय न्हाई म्हणून?"

त्या माणसाला चहा पाजल्याचं मला अजून वाईट वाटतं.

साहेब म्हणाले, नियम बदलणार नाही, पण एक वाक्य घालता येईल: 'ही ती नव्हे.' मात्र ते कुणी सांगितलं याचा कचेरीतला दाखला हवा, आणि सांगणारं माणूस मेलेल्या बाईच्या रक्ताचं हवं. आजोळी कुणी उरलं नव्हतं. उरले होते मी.

हुमनाबादच्या कचेरीत ती ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. गळ्यात माझ्या आईचा टाक होता. काकाही हरकत घ्यायला आले होते. कारकुनानं तिच्याकडं बोट करून कानडीत विचारलं, ही कोण? काका म्हणाले, ठाऊक नाही, भावानं कामाला ठेवलेली बाई असेल. वीसेक वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस हे बोलला. गावातून साक्षीला आलेले दोघं भिंतीकडं बघत राहिले.

कारकून माझ्याकडं वळला. "ही तुझी आई का?"

आयुष्यात पहिल्यांदा मला व्हय म्हणावंसं वाटलं. पण माझी आई मेली होती, तसं दवाखान्यानं लिहून ठेवलं होतं. हिला आई म्हटलं असतं तर ही तिथंच मेली असती.

"न्हाई," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांग. सगळं सांग."

"ही माझी माय न्हाई. माझी माय गुलबर्ग्याला मेली. ही माझ्या वडिलांची दुसरी बायको."

कारकुनाचा हात हळू चालत होता, म्हणून सगळं परत सांगावं लागलं. ती मान खाली घालेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडंच बघत होती.

बाहेर बसस्टँडवर मी गरम भजी घेतली आणि तिला हाक मारायला तोंड उघडलं. कोणती हाक मारावी ते मला सुचेना. मी नुसता पुडाच पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. "लहानपणापासनं 'माय न्हाई' म्हणत आलीस. आज पहिल्यांदा कामाला आलं."

तिनं एकच भजं घेतलं आणि लागलेल्या बसमध्ये जाऊन खिडकीपाशी बसली.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी स्वतः टाईप केलं. रेशन सुरू झालं, घर आणि शेत तिच्या नावावर चढलं, काकांनी बोलणं सोडलं. आता मी तिला माय म्हणते आणि ती ओ देते. पण ते वाक्य तिथं आहे, माझ्या नावानिशी, आणि मला ते कधीच काढता येणार नाही. काढलं की ती मरते.