पुंजारामची सुतळी

...आणि काल गोष्टीत मी पुंजारामला बाकड्यावर बसवून ठेवला नि आपण सगळे जेवायला उठलो. तर तो अजून तिथंच बसलाय बघा, गार चहा पुढ्यात घेऊन.

तिसगावला माझं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, चार बाकडी, एक स्टोव्ह आणि एक रेडिओ! बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडलेला. पुंजारामचा मुलगा-सून देवळाली प्रवरेकडं ऊसतोडीला गेले, सोबत आठ वर्षांची नात मुक्ता. घरी उरले म्हातारा आणि एक शेळी. निघताना मुक्तानं बजावलं होतं, "आज्या, रेडिओवरची गानी तू पाठ करून ठेव. मी आले की म्हनून दाव."

दर रविवारी सकाळी मुलांचा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. रेडिओवरच्या ताई एक नवं गाणं शिकवायच्या. पुंजाराम दोन कोस चालत यायचा आणि साठीचा गडी घोगऱ्या आवाजात ताईंच्या मागं खारीचं, आगगाडीचं गाणं म्हणायचा! त्यातली दोन-चार मलाही पाठ झाली. आजही अंघोळ करताना तोंडात येतात, तुमची आजी हसते. गाणं पक्कं झालं की पुंजाराम सुतळीला एक गाठ मारायचा.

"पुंजाबा, यंदा शाळेत नाव घालायचं का तुमचं?" गिऱ्हाइकं चिडवायची.

"घाला की. मास्तर व्हयाजोगा हाय का तुमच्यात कोन?"

एका रविवारी गाणं अर्ध्यावर असताना सहादेव शिंप्यानं बातम्यांसाठी बटण पिरगाळलं. मी स्टेशन परत लावेस्तोवर कार्यक्रम संपला. त्या गाण्याची गाठ पुंजारामनं सैलच ठेवली. मग आठ दिवस भेटेल त्याला विचारत हिंडला, "ह्येच्या पुढलं येतं का रं?" कुणाला येणार? गाणी म्हणणारी पोरं सगळी उसाच्या फडात.

वैशाखात टोळ्या परतल्या. वाटलं, आता कसला येतोय हा! पण रविवारी नेमक्या वेळेला हजर. एकटाच. मला राहवेना. म्हटलं, "पुंजाबा, ऐकली का नातीनं गाणी? अन् त्या अर्ध्या गाण्याचं काय केलंत?"

त्यानं सुतळी मांडीवर ठेवली.

"सैल गाठीपतुर आलोच न्हाई, शेठ. दुसऱ्याच गान्याला पोरगी झोपली. सा म्हैनं मोळ्या वाहून दमलीय. उठल्यावर सुतळी दावली, तर म्हनली, 'कंची गानी, आज्या?'... लावा रेडिओ. टायम झालाय."